प्रश्न विचारायला एम.ए.पर्यंत का थांबायचे?



जून-जुलै आला की बोईसर स्टेशनवर सकाळच्या लोकलला नव्या मुली दिसू लागतात. खांद्याला नवी बॅग, हातात प्रवेशाच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी. कोणी पालघरच्या कॉलेजात जाणारी, कोणी डहाणूच्या, तर कोणी विरार-वसईकडे. २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि हा रस्ता थोडा सोपा झाला. यातल्या कितीतरी जणी आपल्या घरातून कॉलेजचा उंबरठा ओलांडणाऱ्या पहिल्याच. त्यांना पाहून आपल्यासारख्या कार्यकर्तींचे मन भरून येते.

परंतु दिवाळीची सुट्टी संपते आणि त्यातले काही चेहरे पुन्हा दिसत नाहीत. चौकशी केली की उत्तरे ठरलेली असतात. ‘लग्न ठरलं.’ ‘एमआयडीसीत पॅकिंगला लागली.’ ‘आईबाप वीटभट्टीवर जगायला गेले, धाकट्यांना बघायला घरी राहिली.’ आणि एक उत्तर असे, जे आपण नीट ऐकून घेत नाही : ‘तिथं काय करायचं तेच कळेना, मन लागेना.’

पहिल्या तीन उत्तरांवर आपण वर्षानुवर्षे काम करत आलो आहोत. शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी म्हणून खेटे घातले, वसतिगृहासाठी निवेदने दिली, बालविवाह थांबवले, एसटीच्या पाससाठी भांडलो. ते सारे आवश्यकच आहे आणि पुढेही करावे लागणार आहे. पण मुलगी कॉलेजात पोचल्यावर तिला तिथे प्रत्यक्ष काय करायला मिळते, हा प्रश्न आपण कॉलेजवर सोडून दिला. चौथ्या उत्तराचा धागा तिथे आहे, आणि या अंकात तोच हाती घ्यायचा आहे.

मी स्वतः याच पट्ट्यातल्या कॉलेजात शिकले. पहिल्या वर्षाला असताना शहरातून एक संशोधक मंडळी आमच्याकडे आली. आदिवासी बायकांच्या आरोग्याची पाहणी करायची होती आणि पाड्यावरची भाषा येणाऱ्या मुली हव्या होत्या. आम्ही सात-आठ जणी पंधरा दिवस उन्हात पाडे हिंडलो आणि शेकड्यांनी फॉर्म भरले. प्रश्न कोणी ठरवले, का ठरवले, हे कोणी सांगितले नाही. बायका फॉर्ममध्ये नसलेले पुष्कळ काही सांगत होत्या. ते लिहायला जागा नव्हती, म्हणून आम्ही लिहिले नाही. मंडळी फॉर्मचे गठ्ठे घेऊन गेली ती गेलीच. अहवाल आम्ही पाहिला नाही, पाड्याने तर नाहीच. पुढे एम.एस.डब्ल्यू.ला असताना प्रबंधासाठी मी पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न स्वतः मांडला. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. त्या दिवशी मला माझ्याबरोबर फॉर्म भरणाऱ्या मुली आठवल्या. त्यांतल्या बहुतेकींची शाळा-कॉलेजची वाट तेव्हा संपलेली होती. त्या माझ्याहून कमी हुशार नव्हत्या. त्या फक्त एम.ए.पर्यंत टिकल्या नाहीत.

माझे म्हणणे एवढेच आहे. आपल्याकडे संशोधन हे शिक्षणाच्या शेवटी मिळणारे बक्षीस मानले जाते. आधी तीन वर्षे नोट्स पाठ करा, चांगले गुण मिळवा, पुढे शिका, मग तुम्हाला प्रश्न विचारण्याचा अधिकार. ज्या मुलीला घराने तिथवर जाऊ दिले, तिलाच हा अधिकार मिळतो. म्हणजे संशोधन कोण करणार हे गुणवत्तेच्या आधी घरची परिस्थिती, जात आणि लग्नाचे वय ठरवून टाकते. आपल्या मुलींसाठी ते पहिल्या-दुसऱ्या वर्षी आले तरच त्याला अर्थ आहे.

‘संशोधन’ हा शब्द जड वाटतो. प्रयोगशाळा, पांढरा कोट, जाडजूड इंग्रजी ग्रंथ डोळ्यांपुढे येतात. इथे आपण साधा अर्थ घेऊ. आपल्याला पडलेला एक प्रश्न, त्याचे उत्तर शोधण्याची एक रीत, स्वतः पाहिलेले-मोजलेले-विचारलेले लिहून काढणे, आणि ते चारचौघांसमोर मांडून त्यांच्या शंकांना तोंड देणे. सोबत एक जाणती व्यक्ती, जी उत्तर सांगत नाही पण चुकले तर दाखवते. एवढे पहिल्या वर्षाची मुलगी करू शकते.

याचा मुलींच्या पुढच्या वाटचालीवर खरेच परिणाम होतो का? अमेरिकेत यावर बरेच काम झाले आहे. १९६९ साली आपल्या तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी तिकडे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मार्गारेट मॅकव्हिकर या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या खऱ्या संशोधनात सामील करून घेणारी योजना सुरू केली. पुढे इतर विद्यापीठांनी ती उचलली. मिशिगन विद्यापीठाने तर ती कॉलेज अर्धवट सोडण्याचा धोका अधिक असलेल्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून पहिल्या-दुसऱ्या वर्षासाठी आखली. १९९८ मध्ये तिथला अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधनात सहभागी झालेल्या आणि न झालेल्या अर्जदारांची तुलना केल्यावर दिसले की टिकून राहण्याचा सर्वांत जास्त फायदा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना झाला, त्यातही ज्यांचे गुण कमी होते त्यांना. पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या मुलांवर परिणाम अधिक दिसला.

दुसरे उदाहरण ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचे. तिथे २००५ पासून विज्ञानाच्या मुलामुलींना पहिल्याच वर्षापासून संशोधनगटात घेतात. २०१६ च्या अभ्यासात असे आढळले, की ज्यांनी सलग तीन सत्रे हे काम पूर्ण केले त्यांची सहा वर्षांत पदवी पुरी करण्याची शक्यता ८३ टक्के होती, तशाच पार्श्वभूमीच्या इतरांची ६६ टक्के. विज्ञान-तंत्रज्ञानातच पदवी घेण्याचे प्रमाण ९४ आणि ७१ असे होते. मात्र पदवीच्या वेळच्या गुणांच्या सरासरीत फरक पडला नाही.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. गुण वाढले नाहीत, पण मुले टिकली. आपल्याकडे कॉलेजचे यश टक्क्यांत मोजतात, आणि आपला प्रश्न तर टिकण्याचा आहे.

अर्थात अमेरिकेतले आकडे उचलून पालघरवर चिकटवता येणार नाहीत. तिथली प्रयोगशाळा, तिथला प्राध्यापक, तिथे मिळणारे मानधन आपल्याकडे नाही. तीन सत्रे नेटाने काम करणारी मुले मुळातच चिकाटीची असणार, हीही शंका रास्त आहे. पण ज्यांच्याकडून कोणी अपेक्षाच ठेवत नाही, त्यांनाच या संधीने जास्त धरून ठेवले ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. बचतगटाचा हिशोब पहिल्यांदा स्वतः लिहिणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर आपण ती पाहिलेली आहे.

आणि यासाठी परदेशात जाण्याची गरजही नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले ते पाठांतर नव्हते. आपल्या माणसांचे जगणे पाहून, त्याची कारणे शोधून, धर्म सांगणाऱ्यांना तिने प्रश्न विचारले होते. ‘आधी पदवी घे, मग बोल’ असे फुले दांपत्याने तिला सांगितले असते तर तो निबंध आपल्या हाती आला असता का?

दुसरी आठवण कमला सोहोनींची, माहेरच्या कमला भागवतांची. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीने पूर्ण करून त्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या दारात गेल्या. बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा पहिले वर्ष परीक्षाधीन अशा अटीवर त्यांना घेतले गेले. त्यांनी काम करून दाखवले आणि पुढच्या मुलींसाठी ते दार उघडले. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या. नंतर मुंबईत त्यांनी अभ्यास केला तो नीरेचा. ताडा-माडाच्या झाडांची ती ओळखीची नीरा कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायांच्या आहाराला कसा आधार देऊ शकते, हे त्यांनी तपासले. आपल्या अंगणातल्या झाडाकडे संशोधनाचा विषय म्हणून पाहायला एका बाईने शिकवले, आणि आज त्याच ताडाखाली वाढलेल्या मुलीला विज्ञान म्हणजे जर्नलमध्ये उतरवून काढायच्या आकृत्या वाटतात.

आपल्या जिल्ह्यात तर प्रश्नांची कमतरता नाही. २०११ च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ३७ टक्के वस्ती आदिवासींची. १९९२ मध्ये जव्हारमधल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, आणि कुपोषण अजून संपलेले नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वांत प्रदूषित ठरले. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका लोकांनी सोसली. २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि किनाऱ्यावरच्या मासळी विकणाऱ्या बाया आपल्या धंद्याचे काय होणार म्हणून विचारत आहेत. या प्रत्येक गोष्टीवर बाहेरचे तज्ज्ञ येऊन लिहून जातात. इथली कॉलेजची मुलगी मात्र दुभाषी किंवा फॉर्म भरणारी. फार तर, फोटोत मागे उभी.

दोन वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षकांच्या मदतीने एक छोटा प्रयत्न केला. दुसऱ्या वर्षाच्या चार मुली, दोघी कलाशाखेच्या, दोघी विज्ञानाच्या. बोईसरजवळच्या एका गावातल्या बायांबरोबर त्या बसल्या आणि ‘तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?’ एवढेच विचारले. बायांनी पाण्याचा विषय काढला. एक मावशी म्हणाली, “त्या खालच्या विहिरीच्या पाण्यात डाळच शिजत नाय. गॅस संपतो, डाळ तशीच.” मुली आधी हसल्या. मग त्यांतली एक म्हणाली, “मोजून बघूया का?”

मग त्याच मावशीच्या ओट्यावर प्रयोग झाला. तीच तूरडाळ, तेवढेच वजन, तेवढेच पाणी, तीच शेगडी, तेच पातेले. पाणी फक्त तीन वेगवेगळ्या ठिकाणचे. घड्याळ लावून तीन दिवस वेळा लिहिल्या. सोबत कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाण्याचा जडपणा तपासला. जे प्रॅक्टिकल वर्षानुवर्षे बाटलीतल्या पाण्यावर होत होते ते पहिल्यांदा गावच्या पाण्यावर झाले. मावशीचे म्हणणे खरे निघाले. सर्वांत जड पाण्यात डाळ सर्वांत उशिरा शिजत होती. कलाशाखेच्या मुलींनी घरोघर जाऊन लिहिले, की कोणत्या घरचे पाणी कोण आणते, किती खेपा होतात, त्यात शाळेच्या मुलींच्या किती.

मुलींनी ग्रामसभेत हे वाचून दाखवले तेव्हा एका मोठ्या माणसाने विचारले, “हे तुला कोणी लिहून दिलं?” ती मुलगी म्हणाली, “लिहून कोणी नाय दिलं. आम्ही मोजलं.” सभेत मागे बसलेल्या बाया पुढे सरकल्या.

याचा शेवट गोडच झाला असे सांगणार नाही. विहिरीचा प्रश्न सुटला नाही, अर्ज अजून फिरतो आहे. चौघींपैकी एक मध्येच गेली. लग्न ठरले आणि आम्हाला कळले तेव्हा पत्रिका छापून झाली होती. दुसरीच्या घरीही तेच घाटत होते. तिने वडिलांना सांगितले, “माझं काम अर्धं आहे, गावाला जबाब द्यायचाय. पदवी होऊ दे.” वडील थांबले. तिच्या टक्क्यांसाठी ते थांबले नसते असे तीच म्हणते. गाव तिची वाट पाहत होते, म्हणून थांबले. तिने पदवी पूर्ण केली. एका मुलीवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला कळते. पण ‘मन लागेना’ या उत्तराच्या उलट बाजूला काय असते ते मी तिच्यात पाहिले.

आता ही संधी शासनाच्या धोरणात कुठे आहे ते पाहू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांची करता येते आणि चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ मिळू शकते. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे. म्हणजे तीन वर्षे टिका, ७५ टक्के मिळवा, चौथ्या वर्षाचा खर्च घराने सोसावा, आणि मग संशोधन. मिशिगनच्या अभ्यासात ज्यांना सर्वांत जास्त लाभ झाला, नेमक्या त्यांनाच ही अट बाहेर ठेवते. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांसाठी चांगला उपक्रम सुरू केला, पण त्यात देशभरातून निवड होते. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘आविष्कार’ हा संशोधन महोत्सव २००६ पासून आहे आणि त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांना वेगळा गट आहे. आपल्या भागातून त्यात जाणाऱ्या मुलींना खाऊच्या डब्यापासून जाण्यायेण्याच्या भाड्यापर्यंत सगळे स्वतः पाहावे लागले, तर किती जणी जातील?

एक दार मात्र खरेच उघडले आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभाग यांना श्रेयांक आहेत. गुणांची अट नाही, सर्वांनाच करायचे आहे. हे दार आपण वापरले नाही तर त्याचे काय होईल हे मी डोळ्यांनी पाहते आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार फाइल मिळते, नाव बदलायचे, स्पायरल बांधायचे, जमा करायचे. शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. एकेका शिक्षकाकडे ढीगभर विद्यार्थी आहेत, आणि कित्येक शिक्षक स्वतः तासिका तत्त्वावर राबत आहेत. विषय कुठून आणायचे, मुलींना कुठे न्यायचे, हा त्यांच्यापुढचाही प्रश्न आहे.

इथे आपण पुढे यायला हवे. विषय आपल्याकडे आहेत, वस्त्या-पाडे आपल्या ओळखीचे आहेत, बायांचा विश्वास आपण कमावलेला आहे. म्हणून या अंकाच्या निमित्ताने प्रत्येक गटाला काही गोष्टी सुचवते.

पहिली, कॉलेज सुरू होताच जवळच्या प्राचार्यांना जाऊन भेटा. आपल्या कामातले पाच-सहा प्रश्न लिहून द्या. शिफ्टच्या कंपनीत बायांसाठी संडास किती आणि किती वेळ उघडा. रेशनच्या दुकानात अंगठा उमटला नाही तर बाई किती खेपा घालते. सातपाटीच्या बाजारात मासळीवाल्या बायांना बर्फ कोणत्या भावाने पडतो. प्रश्न लहान असावा, एका सत्रात पुरा होणारा.

दुसरी, मुलींना फुकट राबवू नका. मी भरलेल्या फॉर्मांची गोष्ट आपल्या हातून पुन्हा घडता कामा नये. प्रश्न ठरवताना मुलगी आणि वस्तीतल्या बाया दोघी हव्यात. अहवालावर मुलीचे नाव हवे. रिक्षाभाडे, दुपारचे जेवण आणि शक्य तर थोडे मानधन हवे, कारण तो दिवस ती मजुरीचा सोडून येते. संध्याकाळी अंधार पडण्याआधी ती घरी पोचेल असे काम आखा, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरचे तिला पाठवणार नाहीत.

तिसरी, अहवाल मराठीत लिहू द्या. इंग्रजी जमत नाही म्हणून मुली कॉलेज सोडतात, आणि नेमक्या त्या मुलींना वारली, मांगेली, कातकरी बोलीतले बायांचे बोलणे कळते. ते त्यांचे बळ आहे. इंग्रजी मागाहून शिकता येईल.

चौथी, अहवाल वस्तीत वाचल्याशिवाय काम संपले असे मानू नका. चुकले असेल तर बायाच सांगतील. गुणपत्रिकेवरचा शिक्का एकदा मिळतो, पण ‘आमच्या पोरीनं मोजलं’ हे वाक्य तिला पुढे कितीतरी दिवस पुरते.

आणि शासनाकडे, विद्यापीठाकडे एक मागणी एकमुखाने करायला हवी. संशोधनासाठीची ७५ टक्क्यांची अट काढा, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी प्रवासखर्च व शिक्षकांना वेळ द्या. आदिवासी भागातल्या कॉलेजांना तो आधी द्या.

आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी मुलांना नावे ठेवली नाहीत. कुरणात शाळा भरवली. आज संशोधनाच्या बाबतीत आपल्याला तेच करायचे आहे. मुलगी एम.ए.पर्यंत पोचेल तेव्हा बघू, असे म्हणत बसायचे नाही. ती जिथे आहे, ज्या वर्षाला आहे, तिथे तिच्या हातात वही, घड्याळ आणि तिचा स्वतःचा प्रश्न द्यायचा.

या दिवाळीनंतर लोकलमधल्या मुली मोजा. कोण दिसत नाही ते लिहून ठेवा, आणि तिच्या घरी जाऊन ‘का’ विचारा. पुढच्या अंकासाठी आम्हाला कळवा. आपले पहिले संशोधन तिथूनच सुरू होऊ दे.